आजोबांच्या पंपावरची एस्सोची पाटी खरंच इंग्रजांच्या काळातली आहे का?

घाटमाथा:

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कराडहून चिपळूणकडे जाताना पाटणच्या अलीकडे माझ्या आईच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता. मी जन्मायच्या आधीच तो बंद पडला. गेल्या आठवड्यात मामाने घरामागची पडवी उतरवली, तर कडब्याच्या पेंढ्यांमागून एक मोठी लंबगोल पाटी निघाली. पांढऱ्यावर निळी कड, मध्ये लाल अक्षरात एस्सो. सव्वातीन फूट तरी रुंद असेल, एकट्याला धड उचलवत नाही. डावीकडे खाली तळहाताएवढा टवका उडालाय आणि तिथे पत्रा जरा मुडपलाय.

"बोर्ड इंग्रजांच्या काळातला आहे" हे घरात लहानपणापासून ऐकत आलोय. भंगारवाला किलोवर मागतोय. नेटवर मात्र अगदी अशीच पाटी 'ब्रिटिश इंडिया, १९३५' असं लिहून पंचेचाळीस हजाराला लावलेली दिसली. तेव्हापासून मामा पाटीजवळून हलत नाही. विकायचीच आहे असं नाही, पण आपल्याकडे आहे काय ते तरी कळू दे.

सोबत पाच लिटरचं एक निमुळत्या गळ्याचं माप, खिळे भरून ठेवलेला ऑइलचा डबा आणि पंपावरचा आजोबांचा एक फोटो आहे. सगळ्यांची चित्रं खाली डकवलीत.

शंकासूर:

१९३५ ची पाटी, पडवीत पडलेली, आणि अजून एवढी लालबुंद? माझं हेल्मेट चार उन्हाळ्यांत गुलाबी झालं. मला तर ही परवाची वाटते. मामांना सांगा, जरा हला तिथून.

मटण स्ट्रीट:

शंकासूर, घाई नको. एनॅमल विटत नाही, त्यासाठीच तर ते वापरायचे. तो रंग नाहीच, काच आहे. लोखंडी पत्र्यावर काचेच्या पुडीचा थर देऊन भट्टीत साधारण ८०० अंशांवर भाजतात. ऊन-पावसाचं तिला काही वाटत नाही. गंज चढतो तो काच फुटते तिथूनच. त्यामुळे रंग ताजा दिसतोय म्हणून पाटी खोटी ठरत नाही. उलट चारी बाजूंनी सारखीच 'जुनी' दिसणारी, तपकिरी डागांनी रंगवल्यासारखी पाटी समोर आली की मी आधी खिसा घट्ट धरतो.

घाटमाथा, पाटी उन्हात आडवी ठेवा आणि नखाने बघा. पांढऱ्यावरून लाल अक्षरावर नख नेलं की बारीकसा चढ लागतो का? जुन्या कामात प्रत्येक रंग वेगळा चढवून वेगळा भाजायचे, त्यामुळे रंग एकमेकांवर बसलेले असतात. छापील नक्कल असेल तर नख सपाट घसरतं. मग टवक्याच्या कडा बघा. पांढऱ्याच्या खाली काळपट निळा थर दिसायला हवा. तो पहिला हात, लोखंडाला धरून ठेवणारा. त्याच्यात कोबाल्ट असतं म्हणून तो गडद. पांढऱ्याखाली थेट चकचकीत पत्रा दिसला तर मामांना चहा प्यायला पाठवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्क्रूची भोकं. कारखान्यात पत्र्याला भोकं आधी पाडायचे आणि मग एनॅमल द्यायचे. त्यामुळे भोकाच्या आतल्या कडेवरही काच ओघळलेली असते. नंतर ड्रिल मारलेलं भोक उघडं असतं आणि त्याच्याभोवती काच तडकलेली असते.

हे शिक्षण मला फुकट मिळालेलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी चोरबाजारात (कुठल्या दुकानात ते विचारू नका, दुकानदार अजून सलाम करतो) बर्मा-शेलची एक पाटी घेतली होती. घरी येऊन धुतली, तर बादलीत गंज उतरला. खालून स्वच्छ, नवाकोरा पत्रा. गंज वरून लावलेला होता, चहाच्या पावडरीत कालवून की काय देव जाणे. भोकं चारही उघडी. आता ती पाटी बाल्कनीत कुंड्यांखाली आहे.

हो, तुमची पाटी धुवायचीच असेल तर नुसतं पाणी आणि मऊ फडकं. ॲसिड, तारेची घासणी, चिंच, काही नको.

घाटमाथा:

धन्यवाद दादा. आत्ता मामाला बाजूला सारून बघितलं.

नख अडकतं, लाल आणि निळ्या दोन्हीच्या कडेला. टवक्यात पांढऱ्याखाली काळा-निळा थर स्पष्ट दिसतोय आणि त्याच्या आत काळपट तपकिरी गंज, नारिंगी नाही. मागची बाजू पूर्ण काळी, तीही गुळगुळीत.

भोकांची गंमत आहे. एकूण सहा. चार भोकांच्या आत एनॅमल आहे, तुम्ही म्हणता तसं ओघळलेलं. वरच्या कडेची दोन मात्र उघडी, भोवती काच तडकलेली. याचा अर्थ काय? अर्धी खरी, अर्धी खोटी?

खालच्या कडेला अगदी बारीक अक्षरं आहेत. गंजाने अर्धी खाल्लीत. शेवटचा शब्द कलकत्ता असावा असं वाटतंय.

मटण स्ट्रीट:

चार खरी म्हणजे पाटी खरी. दोन कोणीतरी नंतर पाडलीत, का ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. कलकत्ता असेल तर पाटी इथेच बनलेली. स्वातंत्र्याआधीच्या मोठ्या कंपन्यांच्या पाट्यांवर खाली बऱ्याचदा वुल्वरहॅम्प्टन नाहीतर बर्मिंगहॅम वाचायला मिळतं, एनॅमलचे मोठे कारखाने तिकडे होते. खरेपणाबद्दल माझं मत झालं. साल मात्र डेपोवाले काकांनी सांगावं, ते आले की मी गप्प बसतो.

शंकासूर:

हेल्मेटचं विधान मागे घेतो. मामांनी परत पाटीजवळ बसावं.

डेपोवाले काका:

आलो. नातवंडं झोपल्याशिवाय इकडे यायची परवानगी नाही.

घाटमाथा, तुमच्या घरात जे सांगतात त्यात काहीतरी खरं असेल, पण ते या पाटीबद्दल नाही. ही पाटी इंग्रजांच्या काळातली असू शकत नाही. वरचं नावच तसं सांगतंय.

आपल्याकडे एस्सोच्या जागी आधी स्टँडर्ड व्हॅक्यूम ऑइल कंपनी होती, बोलताना स्टॅनव्हॅक. दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून १९३३ मध्ये काढलेली. एक जर्सीची स्टँडर्ड ऑइल, दुसरी सोकोनी-व्हॅक्यूम. तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) रिफायनरी १९५४ मध्ये सुरू झाली ती स्टॅनव्हॅकचीच. त्यांच्या पंपांवर मोबिलगॅस (म्हणजे पेट्रोलच) मिळायचं, ऑइल मोबिलऑइल, आणि खूण उडता लाल घोडा. पुढे या दोन मालकांची फारकत झाली आणि १९६२ मध्ये भारतातला धंदा एस्सोच्या नावावर आला. १९७४ मध्ये सरकारने एस्सो घेतली आणि त्याच वर्षी हिंदुस्थान पेट्रोलियम झाली.

म्हणजे आपल्या देशातल्या पंपावर एस्सोची पाटी लागली ती १९६२ ते १९७४ या बारा वर्षांत. नेटवरच्या त्या '१९३५' वाल्याला विचारा, १९३५ साली ही पाटी नेमकी कुठल्या पंपावर होती.

आता हेच बाकीच्यांना लावून बघा. बर्मा-शेल १९२८ ते जानेवारी १९७६. त्यामुळे नुसतं 'बर्मा-शेल' दिसलं की इंग्रजांचा काळ, हे खूळ डोक्यातून काढा. इंग्रज गेल्यावर ती कंपनी आणखी २८ वर्षं इथे होती. माहूलची रिफायनरी तर १९५५ ची. कॅल्टेक्सचा लाल तारा १९७६ च्या अखेरीस सरकारकडे आला आणि १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळला. इंडियन ऑइलचं काहीही १९५९ च्या आधीचं नाही.

मी १९७१ ला शिवडीच्या डेपोत लागलो, त्यामुळे नावं बदलताना डोळ्यांनी पाहिलीत. बर्मा-शेल सरकारने घेतल्यावर आधी भारत रिफायनरीज झाली आणि १ ऑगस्ट १९७७ ला भारत पेट्रोलियम. मधलं नाव दीड वर्षच टिकलं. त्या नावाची पावतीपुस्तकं, लेटरहेड, बिल्ले तेव्हा आम्ही रद्दीत टाकले. आज कोणाकडे असतील तर मला दाखवा, विकत मागणार नाही, नुसतं बघायचंय.

शंकासूर:

काका, नम्र शंका. एस्सो हे नाव परदेशात फार आधीपासून होतं ना? मग एखादी पाटी बाहेरून आलेली असू शकते की.

डेपोवाले काका:

बरोबर शंका. एस्सो हे स्टँडर्ड ऑइलच्या एस आणि ओ या आद्याक्षरांचा उच्चार आहे आणि अमेरिकेत ते १९२६ पासून वापरात होतं. इंग्लंडातही युद्धाआधी होतं. त्यामुळे जगात कुठेतरी १९३५ ची एस्सोची पाटी नक्कीच असेल. पण ती बोटीने येऊन, घाट चढून, पाटणच्या पडवीत कशाला बसेल? आणि खाली कलकत्ता लिहिलंय की. पाटी जिथे लागली तिथला इतिहास धरायचा, कंपनीचा जागतिक नव्हे.

एस्सोच्या वाघाचंही तेच. 'टाकीत वाघ घाला' ही जाहिरात अमेरिकेत १९५९ मध्ये निघाली आणि १९६४ नंतर गाजली. त्या हसऱ्या वाघाची कीचेन कोणी 'स्वातंत्र्यपूर्व' म्हणून विकत असेल तर वाघाबरोबर तुम्हीही हसा.

पत्र्याचा डबा:

अरे वा, माझा विषय. एक भर घालतो, कारण इथे नेहमी गल्लत होते.

कुठलीही खूण तुम्हाला बहुतेक वेळा एवढंच सांगते की वस्तू 'याच्या आधीची नाही'. 'याच्या नंतरची नाही' हे सांगणारा पुरावा फार क्वचित मिळतो. उदाहरणार्थ पिनकोड. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. डब्यावर पिनकोड असेल तर डबा त्यानंतरचा, यात वादच नाही. पण नुसतं 'मुंबई १' किंवा 'मुंबई २०' असेल, तर तो १९७२ च्या आधीचाच असं छातीठोक म्हणता येत नाही. छापलेला पत्रा शिल्लक असेल तर कारखाना तो संपवणारच. आपण नाही का जुनी पत्रिका खाडाखोड करून वाटत?

तुमच्या खिळ्यांच्या डब्याचा फोटो मोठा करून बघितला. कॅस्ट्रॉल दिसतंय, पण त्याच्यावर वेकफील्डही लिहिलंय का? सी. सी. वेकफील्ड हे मूळ कंपनीचं नाव. १९६० मध्ये कंपनीने स्वतःचंच नाव कॅस्ट्रॉल केलं. वेकफील्ड असेल तर डबा साधारण तेवढा तरी जुना. याच घराण्यातला आपल्याकडचा आणखी एक ओळखीचा शिक्का म्हणजे इंड्रॉल. तो १९७९ ते १९९० एवढाच. आणि इंडियन ऑइलच्या सर्वो ऑइलचा डबा असेल तर १९७२ च्या पुढचा. लोक सर्वोचा डबाही 'आजोबांच्या लग्नातला' म्हणून आणतात.

डब्याची बूड बघायला कधी विसरू नका. विलायती दोन गॅलनचे पेट्रोलचे कॅन मिळतात ना, व्हॅलर कंपनीचे, त्यांच्या बुडाला महिना आणि साल ठोकलेलं असतं. '५ ३०' म्हणजे मे १९३०. लोक वरचे रंग खरवडत बसतात आणि तारीख खाली असते. टोपी मात्र पुरावा धरू नका. पितळी टोप्या हरवायच्या, कुठल्याही कॅनला कुठलीही बसवायचे. माझ्याकडे शेलच्या कॅनवर दुसऱ्याच कंपनीची टोपी आहे आणि ती पन्नास वर्षं तरी तशीच असावी.

(अवांतर: आपण ज्याला रॉकेल म्हणतो ते 'रॉक ऑइल'वरून आलं आणि घासलेट 'गॅसलाइट'वरून असं म्हणतात. आमच्या घरी दोन्ही शब्द चालायचे, आई रॉकेल, आजी घासलेट.)

घाटमाथा:

खिळे ओतून डबा पुसला. वेकफील्ड आहे! मोठ्या अक्षरात वेकफील्ड, खाली कॅस्ट्रॉल मोटर ऑइल. खिळे आता चिवड्याच्या डब्यात गेलेत, मामी रागावलीये.

मापाचं कोणी काही बोललं नाही.

डेपोवाले काका:

मापाच्या गळ्यापाशी शिशाची एक चकती किंवा गोळी बसवलेली असेल, त्यावर ठोकलेले शिक्के वाचा. वजन-मापं खात्याचा निरीक्षक दर पडताळणीला शिक्का मारतो. त्यात सालाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाहीचं अक्षर असतं, ए, बी, सी, डी. जानेवारी ते मार्च ए, असं पुढे. शिशावर जुना शिक्का ठोकून बुजवतात आणि नवा मारतात, तरी कडेला जुन्याचे अवशेष राहतात. भिंग घ्या, तिरका उजेड घ्या.

पाच लिटरचं आहे म्हणजे ते मेट्रिकच्या आधीचं नाहीच. आपल्याकडे मेट्रिक वजनं-मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ च्या सुमारास सक्तीची झाली. त्याआधी पंपावर गॅलन. तोही इंग्रजी गॅलन, साडेचार लिटरच्या थोडा वर; अमेरिकन गॅलन पावणेचारच्या आसपास. जुन्या पंपाच्या तबकडीवर गॅलन आणि रुपये-आणे दोन्ही असतील तर एप्रिल १९५७ च्या आधीची तबकडी, कारण तेव्हा नवे पैसे आले. 'नवे पैसे' लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४, पुढे 'नवे' गळलं. पुराणवस्तूवाल्यांना एवढी छोटी फट सहसा मिळत नाही.

सांजवात:

मी पाटीवाली नाही, पण बाबांच्या कपाटात बर्मा-शेलचा रस्त्यांचा नकाशा आहे. घडीवर कापडाची पट्टी लावून बाबांनी जपलेला. त्यावर साल कुठेच नाही. तेही असंच शोधता येईल का?

पत्र्याचा डबा:

नकाशाइतकं सोपं काहीच नाही ताई. नकाशा स्वतःच बोलतो. राज्यांच्या हद्दी बघा. गुजरात वेगळं आहे का? हैदराबाद राज्य आहे का? गोवा कोणाचा? अंतरं मैलांत की किलोमीटरमध्ये?

सांजवात:

आत्ता जमिनीवर पसरला. अंतरं मैलांत. मुंबई राज्य एकच आहे, कच्छपासून थेट नागपूर-चांद्यापर्यंत. हैदराबाद राज्य नाही, औरंगाबाद मुंबई राज्यातच आहे. गोव्याला वेगळा रंग आणि पोर्तुगीज असं लिहिलंय. खाली म्हैसूर, मद्रास.

पत्र्याचा डबा:

झालं की! मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले १ नोव्हेंबर १९५६ ला, आणि महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले १ मे १९६० ला. तुमचा नकाशा त्या साडेतीन वर्षांतली हद्द दाखवतोय. म्हैसूर आणि मद्रास या नावांनी इथे फार मदत होत नाही, कर्नाटक १९७३ मध्ये झालं, तमिळनाडू १९६९ मध्ये. पण ज्याच्याकडे नंतरचे नकाशे असतील त्याला तीच नावं उपयोगी पडतील.

एक सांगतो, बाबांनी पेनाने काही खुणा केल्या असतील तर त्या पुसू नका.

सांजवात:

आहेत ना. पुणे ते महाबळेश्वर लाल पेन्सिलीची रेघ, आणि वाईपाशी 'टायर' असं लिहून तीन उद्गारचिन्हं. आई म्हणते लग्नानंतरची पहिली सहल. लग्न १९५९ चं, म्हणजे नकाशा त्यानंतरचा नाही हेही कळलं! आणि त्याच कपाटात बर्शेन गॅसचं कार्डही सापडलं.

डेपोवाले काका:

जपून ठेवा. बर्शेन हा बर्मा-शेलचा स्वयंपाकाचा गॅस, मुंबईत १९५५ मध्ये सुरू झाला. मुंबईतल्या जुन्या बायका सिलिंडरला 'बर्शेन' म्हणायच्या, कंपनी कुठलीही असो.

मटण स्ट्रीट:

घाटमाथा, तुमचा फोटो राहिलाच की. आजोबांच्या मागे छपराच्या वर काहीतरी गोल आहे. अंधुक दिसतंय. जरा मोठा करून टाकता का?

घाटमाथा:

आजीलाच विचारायला गेलो. तिच्या भाषेतच देतो, मी मध्ये सुधारणा केली तर तिला आवडणार नाही.

फोटो: "त्यो घोड्याचा बोर्ड. तांबडा घोडा, पंखाचा. तुझा मामा ल्हान हुता, त्याला घोडा दावल्याबिगर जेवायचा न्हाई."

एस्सोची पाटी: "ह्यो नंतर आला. घोडा गाडीत घालून घिऊन गेली माणसं, मामा दोन दिस रडला."

टवका: "भूकंपात पडला न्हवं! पहाटंचं समदं हाललं. आमी समदी अंगणात. उजाडल्यावर बघतुय तर बोर्ड खाली, कोपरा मुडापलेला. मग तुझ्या आज्यानं वरनं दोन भोकं पाडून तारंनं बांधला. सुतार कुठला मिळायचा तवा, ज्येची त्येची घरं पडल्याली."

मंडळी, फोटो मोठा करून टाकलाय. गोलात घोडा आहे. आजोबा डुक्कर फियाटला टेकून उभे आहेत.

पत्र्याचा डबा:

आजींना साष्टांग दंडवत. मी वर म्हणालो ना, 'याच्या नंतरची नाही' हे सांगणारा पुरावा क्वचितच मिळतो? तो हा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटे. पाटी त्या दिवशी भिंतीवर होती. म्हणजे १९६२ ते १९६७. बारा वर्षांची फट निम्म्यावर आली. आणि मटण स्ट्रीटला न सुटलेली ती दोन उघडी भोकंही सुटली.

मटण स्ट्रीट:

तो टवका भरून घेऊ नका. मामांनाही सांगा. मला पाठवलंत तरी मी भरणार नाही. आता पाटीत सगळ्यात महाग जागा तीच आहे.

डेपोवाले काका:

फोटोबद्दल. उडता घोडा म्हणजे मोबिलगॅस, म्हणजे १९६२ च्या आधी. डुक्कर फियाट म्हणजे पन्नासचं दशक. गाडीवरून फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच ठरतं हे डबेवाल्यांनी सांगितलंच आहे, गाडी घेतल्यावर माणूस ती वीस वर्षं वापरतो. पण घोडा 'याच्या नंतरचा नाही' हे सांगतो. तेव्हा फोटो पन्नासच्या दशकातला नाहीतर अगदी साठच्या सुरुवातीचा. कोयनेच्या धरणाचं काम तेव्हाचंच, त्या रस्त्याला ट्रकांची रीघ असणार. तुमच्या आजोबांनी जागा बरोबर हेरली.

पंप इंग्रजांच्या काळात सुरू झाला होता का, हे अजून उरतंच. आजींना विचारा, पंप त्यांच्या लग्नाआधी होता का. आणि आणखी एक विचारा. टाकीत घालून पेट्रोल मोजायची एक लांब पितळी काठी असायची. डिप रॉड. रोज सकाळी टाकीत सोडायची, पेट्रोलचा ओला डाग कुठवर आला ते बघायचं आणि तक्त्यावरून साठा काढायचा. टोकाला पेस्ट लावायची, बुडाला पाणी साचलं असेल तर तिचा रंग बदलायचा. पंप गेला तरी ती काठी सहसा घरात राहते, कारण पितळ टाकवत नाही.

घाटमाथा:

काका, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का कधी?

काठी आहे. म्हणजे मी जन्मल्यापासून बघतोय, फक्त ती डिप रॉड आहे हे आज कळलं. आजी तिने शेवग्याच्या शेंगा पाडते. टोकाला विळ्याचा तुकडा तारेने बांधलाय. परसात फणसाला टेकून उभी असते, पावसातसुद्धा. चौकोनी आहे, हिरवी-काळी पडलीये. एका बाजूला चिंचेने घासून बघितलं (मटण स्ट्रीट, रागावू नका, हे पाटीवर नाही केलं), तर आडव्या रेघा आणि आकडे निघाले. पट्टी लावली. एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत बरोबर एक इंच.

आजी म्हणते, "ती माज्या लग्नात बी हुती. माज्या सासऱ्याची." आजीचं लग्न १९४९ चं.

शंकासूर:

थांबा. म्हणजे पाटी साठच्या दशकातली निघाली, आणि जे खरंच जुनं आहे त्याने आजी आमटीची सोय करत होत्या?

डेपोवाले काका:

इंचातला रॉड मेट्रिक आल्यावरही काही ठिकाणी वापरात राहिला, टाकी तीच असेल तर काठी कशाला बदला. पण पणजोबांच्या हातची आणि १९४९ मध्ये घरात होती असं आजी म्हणताहेत, तर तुमच्या घरात सांगतात ते अगदीच हवेतलं नाही. पंपाबद्दल ते खरं असू शकतं. पाटीला उगाच चिकटलं.

काठी नीट बघा. वरच्या टोकाला कधी कधी टाकीचा क्रमांक कोरलेला असतो. तो सापडला आणि जुन्या परवान्याचा कागद घरात कुठे असेल, तर साल घरातच मिळेल. परवान्याचे कागद लोक देवाच्या फोटोमागे ठेवतात.

घाटमाथा:

देवाच्या फोटोमागे नाहीत, बघितलं. मामा आता माळ्यावर चढलाय.

क्रमांकाचं असं की काठीचं वरचं टोक आहे तिथेच विळा बांधलाय. आजीला म्हटलं सोडवू का. म्हणाली, "पयल्यांदा झाडाच्या शेंगा काढ, मग सोडीव. दुसरी काठी तिथवर पुरत न्हाई."

मटण स्ट्रीट:

शेंगा काढा. मग तार पक्कडीने कापा, पिळून सोडवू नका, पितळावर ओरखडे येतील. आणि आता चिंच पुरे.